गेमिंगचा पीसी: आधी मॉनिटर ठरवा

गेमिंगसाठी घरीच कॉम्प्युटर जोडायचा, तर सुरुवात प्रोसेसरपासून नव्हे, मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, जवळपास ८३ लाख. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर सगळा पडदा तितक्या वेळा नव्याने रंगवावा लागतो आणि हे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून मध्यम बजेटमध्ये फुल एचडी मॉनिटर निवडावा आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा.

रॅम घेताना १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. त्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्या, की प्रोसेसरकडे माहिती नेणारा रस्ता दुप्पट रुंद होतो. मदरबोर्डचे सॉकेटही प्रोसेसरशी जुळायला हवे आणि रॅमचा प्रकार मदरबोर्डला चालणारा हवा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते.

काटकसर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर करा, पॉवर सप्लायवर नको. ‘८० प्लस’ ही खूण विजेची कार्यक्षमता सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे विचारूनच तो घ्या. साऱ्या पार्टांना वीज त्याच्यामार्फतच मिळते.