बेताची मैदाने

फुटबॉलचे स्टेडियम म्हटले की लाखभर प्रेक्षकांचे अवाढव्य बांधकाम डोळ्यांपुढे येते. लक्झेंबर्ग या चिमुकल्या युरोपीय देशाने मात्र २०२१ मध्ये राष्ट्रीय स्टेडियम बांधले, ते जेमतेम साडेनऊ हजारांचे. घरात माणसे किती, ते पाहून पातेले घ्यावे, तसे!

आपल्याकडे असा हिशेब मला गोव्यात दिसतो. मडगावजवळचे फातोर्डा स्टेडियम १९८९ चे. तिथे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. वास्कोत टिळक मैदान, बांबोळीत अॅथलेटिक स्टेडियम, म्हापशाजवळ धुळेर. करोनाकाळात, २०२०-२१ च्या हंगामात, इंडियन सुपर लीगचे सगळे ११५ सामने फातोर्डा, वास्को आणि बांबोळी या तीनच मैदानांवर, रिकाम्या गॅलऱ्यांपुढे खेळवले गेले. अकरा संघ एवढ्याशा राज्यात सामावले. मैदाने जवळजवळ असल्याचा हा फायदा.

पण गोव्याचा फुटबॉल या गॅलऱ्यांत जन्मला नाही. भात कापून झाले की मोकळ्या शेतांत आणि चर्चपुढच्या पटांगणांत पोरे खेळत आली. स्टेडियम मागाहून आले.

आमच्या बोदलकसा परिसरातही धान निघाले की बांध्या रिकाम्या होतात. जिथे तलावाचे पाणी उन्हाळी धानाला मिळते, तिथे मात्र त्या पुन्हा भरतात आणि मुलांचे खेळणे बंद पडते. म्हणून मी म्हणतो, जिल्ह्याला मोठे स्टेडियम मिळेल तेव्हा मिळो. आधी गावाची एक सपाट जागा बारमाही राखून ठेवा. गोलपोस्टला तीन बांबू पुरतात, आणि बांबू आमच्याकडे मुबलक आहे.