टोपली हवी, पण कशी?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबूचं रान भरपूर. इथले बुरूड कारागीर बांबूच्या कामट्या काढून सूप, टोपल्या, ताट्या विणतात. काही माल तयार असतो, काही मात्र गिऱ्हाईक सांगेल तसा विणायचा. तिथंच खरं डोकं चालवावं लागतं. चिरलेला बांबू काही पुन्हा जोडता येत नाही. मागणी चुकीची समजली तर बांबूही गेला अन् दिवसाची मेहनतही!

समजा, एका बुरूडकाकांकडे टोपलीचे आकार तीन : लहान, मध्यम, मोठी. वीण घट्ट किंवा विरळ. झाकण असेल किंवा नसेल. धरायला वर कमानीसारखा दांडा असेल किंवा नसेल. किती प्रकार झाले? ३ × २ × २ × २ = २४.

पण हे सगळे जमतील का? दांडा आडवा आला तर गोल, अखंड झाकण बसणार कसं? ६ प्रकार बाद. मोठी टोपली भरून नुसत्या दांड्यानं उचलली तर दांडाच निखळेल. म्हणून मोठीला दांडा नाही. असे प्रकार ४. पण त्यातले झाकणवाले २ आधीच बाद झालेत, बरं का! (वर्गात इथं हमखास गोंधळ होतो.) उरले १६.

आता गिऱ्हाईक आलं. "काका, तांदूळ ठेवाले मोठी टोपली पाहिजे."

तांदूळ, तर वीण घट्ट. मोठी, तर दांडा नाही. काकांनी विचारायचं एवढंच, "झाकण पाहिजे का बाई?" बाकीचे प्रश्न 'जर-तर'नेच सोडवले.

अमेरिकेतली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी 'व्हॅक्स' नावाचे संगणक असेच मागणीप्रमाणे जुळवून देई. भाग शेकडो! कुठला भाग कुठल्या भागाबरोबर चालतो, हे माणसाच्या लक्षात राहणं कठीण. एखादी केबल राहून गेली की काम अडलंच. मग कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी 'जर-तर'च्या नियमांवर चालणारा एक प्रोग्रॅम तयार केला. कंपनीनं तो १९८० मध्ये वापरात आणला. त्याचं नाव 'आर-१', पुढे 'एक्सकॉन'. सुरुवातीला नियम काही शे होते, पुढे हजारांवर गेले. कारण नवा भाग आला की जुने नियम पुन्हा तपासावे लागत.

आपल्या टोपलीचंही तसंच. काकांनी झाकण दोन अर्ध्या तुकड्यांचं केलं, दांड्याच्या दोन्ही बाजूंना उघडणारं. आता दांड्याची अडचण नाही! पहिला नियम पुसा, दुसरा तसाच ठेवा आणि मोजा बघू, २४ पैकी किती प्रकार उरले?