पुरुषांचं दुखणं, पक्षाचं निदान

‘मर्द को दर्द होता है’ ही घोषणा घेऊन उत्तर प्रदेशातला एक छोटा पक्ष २०१९ साली लखनऊमधून लोकसभेच्या रिंगणात उतरला. नाव ‘मेरा अधिकार राष्ट्रीय दल’, संक्षेप ‘मर्द’. पुरुषांसाठी स्वतंत्र मंत्रालय हवं, राष्ट्रीय पुरुष आयोग हवा, बायकांच्या बाजूचे कायदे बदलायला हवेत, असा त्याचा प्रचार. राजनाथ सिंह लाखोंच्या फरकाने निवडून आले त्या मतदारसंघात या पक्षाची अनामत वाचण्यासारखी नव्हतीच. ब्रिटनमध्ये याहून वेगळं घडलेलं नाही. २०१३ साली निघालेला ‘जस्टिस फॉर मेन अँड बॉइज’ हा पक्ष २०१५च्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन जागांवर लढला. त्याला अ‍ॅशफील्डमध्ये १५३ मतं पडली, ब्रॉक्सटोमध्ये ६३. असे आकडे पाहिले की हा विषयच हसण्यावारी नेला जातो. ते मला मान्य नाही. हे पक्ष ज्या दुखण्यावर बोट ठेवतात ते खरं आहे. चुकतं ते त्यांचं निदान, आणि त्याची किंमत पुरुषांनाच मोजावी लागते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केल्या. दर दहांमागे सात पुरुष होते, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यांत वर होता. पुरुष-हक्कांचे कार्यकर्ते हा आकडा सांगतात तेव्हा त्यांना खोडून काढता येत नाही. मात्र त्याच अहवालातला कारणांचा तक्ताही वाचावा लागतो. विवाहाशी संबंधित कारणांचा वाटा तिथे ५ टक्क्यांहून कमी आहे, आजारपणाचा १८ टक्क्यांच्या वर. धंदा-व्यवसायाच्या तक्त्यात रोजंदारीवरचे मजूर एकूण संख्येच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भरतात. शेतीवर जगणाऱ्यांच्या ११ हजारांहून अधिक आत्महत्यांत पुन्हा महाराष्ट्रच पुढे. यावर एक आक्षेप रास्त आहे: ‘कौटुंबिक समस्या’ या सदरात जवळजवळ ३२ टक्के आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांचं काय? हे सदर फार ढोबळ आहे. बापलेकांचं भांडण, घरात पैसा नसल्याने रोज उडणारे खटके, सगळंच त्यात बसतं. त्या सगळ्याला बायकोचा छळ म्हणायचं ठरवलं, तर सावकाराच्या तगाद्याने खचलेल्या माणसाचं दुःख कुणाच्याच हिशेबात येत नाही.

कायद्याच्या गैरवापराची तक्रार मात्र झटकून टाकता येणार नाही. विवाहितेच्या छळाचं कलम ४९८-अ १९८३ साली दंड संहितेत आलं. त्याच्या गैरवापरातून नवा ‘कायदेशीर दहशतवाद’ पसरू शकतो, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना, परगावी राहणाऱ्या नणंदेला सरसकट गोवलं जातं, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा नोंदवलं आहे. यावर सर्वांत ठोस इलाज झाला तो अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४च्या निकालाने. अटक करण्याआधी पोलिसांनी ती का गरजेची आहे याची ठरलेली यादी भरायची, कारणं दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायची. अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची नोटीस दोन आठवड्यांत द्यायची. हे टाळणारा अधिकारी न्यायालयाच्या अवमानाला पात्र. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या सगळ्याच गुन्ह्यांना हे लागू झालं, म्हणून त्याचा फायदा स्त्रियांनाही मिळाला. त्याच निकालात या कलमाखाली दोषी ठरण्याचं प्रमाण १५ टक्के असल्याचं नमूद आहे, आणि बाकीच्या ८५ टक्के तक्रारी खोट्या, असा अर्थ त्यातून सर्रास काढला जातो. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, मध्येच तडजोड होते, साक्षीदार उलटतात. सुटका म्हणजे तक्रार खोटी, असं गणित फौजदारी न्यायात कुठेच चालत नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं आढळलं, आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली. कायदा ढिला करायचा म्हटलं तर ज्या बायका अजून बोललेल्याच नाहीत त्यांचाही विचार करावा लागेल.

‘महिला आयोग १९९२पासून आहे, मग पुरुषांना का नको?’ हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. पण आयोगाच्या हाती मुख्यतः शिफारशी करणं असतं, आणि पुरुषांच्या एका खऱ्या गाऱ्हाण्यावरची शिफारस तर केव्हाच तयार आहे. वेगळ्या झालेल्या बापाला मूल भेटतं ते ठरल्या दिवशी, ठरल्या तासांपुरतं, कधी कधी न्यायालयाच्याच आवारात. बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी मुलांचा वेगळा कक्ष आहे. तिथे तास-दोन तासांत अभ्यास, आजारपण, नवी दोस्ती सगळं विचारून घ्यायचं आणि परत निघायचं. विधी आयोगाने मे २०१५मध्ये २५७व्या अहवालात आई-वडिलांच्या संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली होती. तिचा कायदा झालेला नाही. पुरुष आयोगाच्या घोषणेपेक्षा या अहवालासाठी मतं मागणाऱ्या पक्षाला मी गांभीर्याने घेईन. त्यासाठी हुंड्याच्या किंवा हिंसाचाराच्या एकाही कायद्याला हात लावावा लागत नाही. बदलाव्या लागणाऱ्या कायद्यांत एक आहे १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, ज्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आहे आणि ‘त्याच्यानंतर’ आई. त्या दुरुस्तीत आईलाही बरोबरीचं पालकत्व मिळतं.