तारांवर तोललेला पूल

मावळातल्या मंडळींना घाट काही नवा नाही. पण खोल दरीवर तारांनी तोललेला पूल ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खोपोलीपासून लोणावळ्याजवळच्या कुसगावापर्यंत नवा रस्ता आखला गेला. २०१९ साली त्याचे काम सुरू झाले. हा रस्ता सुमारे १३ किलोमीटरचा. त्यात दोन बोगदे आहेत, आणि एका दरीवर सुमारे ६५० मीटर लांबीचा पूल आहे. पुलाचे मनोरे सुमारे १८० मीटर उंच. शंभर माणसे एकाच्या डोक्यावर एक उभी केली, तरी मनोऱ्याचा शेंडा वरच राहील!

अशा दरीत जवळजवळ खांब उभारणे फार अवघड. मग मधला रस्ता कशावर उभा राहतो? तो उभा नसतो. तो टांगलेला असतो.

हे कसं होतं ते पाहू. अंगणात दोन काठ्या रोवून दोरी बांधा. दोरीवर ओली घोंगडी टाका. दोरी खाली झुकेल आणि काठ्या आत ओढल्या जातील. आता प्रत्येक काठीच्या मागच्या बाजूला ताण देऊन तो खुंटीला बांधा. काठ्या सरळ राहतील. झुलता पूल असाच असतो. काठ्यांच्या जागी मनोरे, दोरीच्या जागी पोलादी तारांचे जाड दोर, खुंटीच्या जागी जमिनीत पक्के केलेले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे. मुख्य दोराला उभ्या तारा लावतात, आणि त्या तारांना रस्ता टांगतात.

आपल्या घाटातला पूल याचाच भाऊ आहे. त्यात तारा मनोऱ्यापासून तिरप्या निघून थेट रस्त्याला धरतात. बांधायची रीत कावडीसारखी आहे. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरल्या, तर खांद्यावर तोल राहतो. तसेच आधी मनोरा उभारतात. मग रस्त्याचा एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे जोडतात आणि तारांनी ताणून धरतात. असे करत करत दोन बाजूंचे तुकडे दरीवर मधोमध येऊन मिळतात.

वजनाइतकीच वाऱ्याची काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत टॅकोमा येथे १९४० साली नवा झुलता पूल वाऱ्याने पिळवटून कोसळला. तेव्हापासून असे पूल बांधण्याआधी त्यांचा लहान नमुना वाऱ्याच्या झोतात ठेवून पारखतात.

पूल बांधला म्हणजे काम संपले का? नाही. गुजरातेत मोरबी येथे झुलता पूल होता. त्याच्या दोरात सात पेड, दर पेडात सात तारा, अशा ४९ तारा होत्या. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तो तुटला. १३५ माणसे गेली. चौकशीत दिसले, की ४९ पैकी २२ तारा आधीच गंजल्या होत्या. वर माणसांची गर्दीही फार होती.

आपल्या मावळातही तेच घडले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. तो झुलता नव्हता. पण लोखंड गंजले होते, आणि एकाच वेळी पुष्कळ लोक वर चढले होते. चार जण दगावले.

विहिरीचा दोर झिजला, तर आपण त्याला जड घागर लावतो का? आधी दोर पाहतो. पुलाचेही तसेच आहे. किती भार पेलायचा याचा हिशोब इंजिनियर करतो. गंज वेळेवर पाहणे हे सरकारचे काम. आणि हिशोबाबाहेर गर्दी न करणे हे आपले काम. म्हणून आम्ही सांगतो, पुलाजवळ पाटी दिसली, तर आधी ती वाचा. आता तुम्हाला वाचता येते. ज्यांना येत नाही, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. 'धोका' ही दोन अक्षरे वाचून मागे फिरलेला माणूस घरी सुखरूप पोहोचतो.