मोटार वाटेत अडली तर…

मोटार चालवणारी स्त्री हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. भंडाऱ्याच्या बाई साकोलीच्या शाळेत, साकोलीच्या डॉक्टरीणबाई लाखनीच्या दवाखान्यात स्वतः गाडी हाकीत जातात आणि घरच्यांना त्याचे काही वाटत नाही. वाटू लागते ते दिवेलागण होऊनही बाई परतल्या नाहीत म्हणजे! मग फोनवर ठरलेला उपदेश होतो : "काचा लाव, दारे लाव, गाडीतून उतरू नकोस." उपदेश मायेचा खरा, पण अर्धाच.

कारण अडलेल्या गाडीला पहिले भय माणसाचे नसते. मागून येणाऱ्या ट्रकचे असते. आपल्या जिल्ह्यातून जाणारा नागपूर-रायपूर महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, रात्रभर जागा असतो. त्यात दिवाळीच्या सुमारास धान वाहणारे, पाठीमागे दिवा नसलेले ट्रॅक्टर. म्हणून गाडी कुरकुरू लागताच ती डावीकडे, डांबराच्या पूर्ण खाली घ्यावी आणि इशाऱ्याचे चारी दिवे लुकलुकत ठेवावेत. चाक पंक्चर झाले असेल व धाबा किंवा पेट्रोलपंप दिसत असेल, तर तशीच हळूहळू तिथवर न्यावी. टायर जाईल, जाऊ द्या, टायर बाजारात मिळतो.

गाडी रस्त्याबाहेर असली तर घरचा उपदेश शिरोधार्य मानून दारे लावून आत बसावे. पण ती वाहत्या रस्त्यातच अडली, तर आत बसणे धोक्याचे. रहदारी पाहून डाव्या दाराने उतरावे आणि रस्त्यापासून दूर, कठडा असल्यास त्याच्या पलीकडे उभे राहावे. अंधार असला तरीही. मात्र लाखनी-साकोलीमधले मोहघाट्याचे जंगल असेल तर झाडीत शिरू नये.

आता माणसाचे भय. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्य स्त्रीच्या स्कूटरचे चाक बसले. हवा मुद्दाम सोडली होती आणि मदतीला पुढे आले ते सोडणारेच, असे पोलिसांनी सांगितले. भीती वाटते म्हणून तिने बहिणीला फोन केला होता. पुढचे साऱ्या देशाला ठाऊक आहे. बहिणीऐवजी पोलिसांना फोन करायला हवा होता, असे तिथले तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले आणि लोक संतापले. संतापायलाच हवे होते; शोधासाठी धावलेल्या घरच्यांनाच पोलिसांनी हद्दीच्या वादात अडकवल्याची तक्रार होती आणि दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबितही झाले.

तरीही पहिला फोन घरी नको, ११२ ला करावा. हा क्रमांक लावायला हद्द ठाऊक असावी लागत नाही. भंडारा संपून गोंदिया कुठे सुरू झाला, हे अंधारात कोणाला कळते? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांकही आहे. "कुठे आहात?" या प्रश्नाला "एका मोठ्या झाडापाशी" हे उत्तर देऊ नये! जाता जाता किलोमीटरचे दगड मनात टिपावेत. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्याचा राज्य महामार्गाचा. त्यावरचा आकडा सांगितला की शोधणाऱ्याचे काम सोपे होते. मग घरी फोन करून तोच आकडा कळवावा.

एवढ्यात कोणी येऊन काचेवर टकटक करतोच. बहुधा तो भलाच असतो. शेतावरून परतणारा माणूस विचारल्यावाचून पुढे जात नाही. काच दोन बोटे खाली करून "भाऊ, पोलीस येऊनच राह्यले" असे सांगावे. भला माणूस यात अपमान मानीत नाही. आपल्याला मदत हवीच असेल तर ती आपण मागावी : पंपावरच्या माणसाकडे, एखाद्या कुटुंबाकडे. न बोलावता आलेल्याच्या गाडीत मात्र बसू नये, मग तो कितीही गोड बोलो. मेकॅनिक आला तर त्याच्या गाडीचा नंबर त्याच्यादेखतच घरी कळवावा.

आणि भाऊबीजेला निघण्यापूर्वी पंपावर एक गोष्ट अवश्य विचारावी. तिथला पोरगा चार चाकांची हवा तपासतो. पाचवे, डिकीतले चाक आपण सांगितल्याशिवाय तो बघत नाही.