दिवसातून दोनदा बुडणारं जंगल

हार्बर लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या खाडीपुलावर चढते तेव्हा दोन्ही काठांना हिरवा पट्टा दिसतो. बहुतेकांच्या लेखी ती चिखलातली झुडपं. पण हे कांदळवन आहे, खाडीतलं खरंखुरं जंगल, अगदी सरकारदरबारी नोंदलेलं. दिवसातून दोनदा ते खाऱ्या पाण्यात उभं राहतं आणि मरत नाही. आपल्या कुंडीतल्या तुळशीला दोन दिवस समुद्राचं पाणी घालून पाहा, म्हणजे याचं मोल कळेल.

ओहोटीला वाशीच्या काठावर उभं राहिलं की या जंगलातल्या तिवराच्या झाडाची करामत जवळून दिसते. झाडाभोवती चिखलातून शेकडो मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. त्या गाळात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. बरंचसं मीठ ती खालीच अडवतात. त्यातूनही वर चढलेलं पानं बाहेर टाकतात. उन्हं तापली की पानावर त्याचे बारीक कण चमकतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. तिवराचं बी तर झाडावर असतानाच अंकुरतं. फळ गळून पाण्यावर तरंगतं आणि गाळ सापडला की मूळ धरतं.

अशा जंगलाची राखण कोणी करायची? 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करायला सांगितलं. 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला, देशातला असा पहिलाच. साग-बांबूची सवय असलेल्या खात्याला भरती-ओहोटीच्या वेळा पाहून गस्त घालायची वेळ आली! 2015 मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानच्या सुमारे 1690 हेक्टर खाडीला रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2022 मध्ये हीच ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

मला मात्र सगळ्यात मोठं नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. जंगल वाढवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खड्डे आणि रोपं येतात. इथे बियाणं खाडीच वाहून आणते; कितीतरी ठिकाणी माणसाने करायचं ते एवढंच, की भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं. कोणी बांध घातला, राडारोडा टाकून पाण्याची वाट बुजवली, की कुऱ्हाड न लावता तिवर वाळतं. म्हणून इथल्या वनरक्षकाला झाडापेक्षा आधी पाणी पाहावं लागतं.

पाणी खेळतं राहिलं तर पुढचं सगळं आपोआप जुळतं. गळलेली पानं कुजतात, त्यावर खेकडे आणि कोळंबी पोसतात, माशांची पिल्लं मुळांच्या जाळीत लपून मोठी होतात. वाशीगावच्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. निवटी आणि चिंबोरी कुठल्या चिखलात मिळते, हे त्यांना खात्याच्या आधीपासून माहीत आहे. गाळात दबलेला कार्बनही तिथेच साठून राहतो.

खाडीकाठी राडारोड्याची गाडी रिकामी होताना दिसली, तर कांदळवन कक्षाला कळवा. त्याच दिवशी कळवा, कारण पाण्याची वाट बुजली की तिवर फार काळ तग धरत नाही.