नको असलेले निरोप आणि न वाचता दिलेली परवानगी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळत आणि कामगारांचे तक्रारअर्ज लिहीत. संगणकही आम्ही तसाच शिकलो : अडले की विचारायचे, आणि समजल्यावाचून पुढे जायचे नाही. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते तज्ज्ञाचे पांडित्य नव्हे. एका प्रसंगाने आम्हाला जे शिकवले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद फिटर म्हणून निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी नातीच्या अभ्यासासाठी घरी संगणक घेतला. थोड्याच महिन्यांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात निरोप झळकू लागले. कधी 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले', तर कधी 'तुमचे संरक्षण आज संपले'. एके दुपारी मामांनी त्यातला एक दाबला. सारा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, आणि 'ताबडतोब या नंबरावर फोन करा' असा हुकूम आला. मामांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलला. त्याच्या सांगण्यावरून मामांनी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्याच्या साहाय्याने परका माणूस दूर बसून आपला संगणक पाहू आणि चालवू शकतो. मग त्याने बँकेचे पान उघडायला लावले, आणि चाळीस हजार रुपये गेले. आयुष्यभर मालकासमोर ताठ उभा राहिलेला हा माणूस आठ दिवस घरात कुणाशी बोलला नाही. त्याला लाज वाटत होती.

आम्ही गेलो तेव्हाही कोपऱ्यातले निरोप चालूच होते. व्हायरस शोधणारी तपासणी दोनदा करून झाली होती. तिला काहीच सापडले नव्हते. सापडणार तरी काय? चोर कुलूप तोडून आत आलेलाच नव्हता. त्याला दार उघडून दिलेले होते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

आपोआप उघडणारी जाहिरातीची खिडकी ही 1990 नंतरच्या दशकातली करणी. अमेरिकेतल्या ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन नावाचे गृहस्थ काम करीत. लोकांनी बनवलेली पाने ही कंपनी फुकट ठेवून घेई आणि जाहिरातींवर चाले. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर दिसली आणि ती कंपनी रागावली. तेव्हा जाहिरात पानावर न ठेवता वेगळ्या खिडकीत उघडावी, अशी युक्ती झुकरमन यांनी केली. पुढे 2014 साली त्यांनी लेख लिहून या करणीबद्दल जाहीर माफी मागितली. पण तोवर युक्ती जगभर पसरली होती. लोक इतके वैतागले की ब्राउझर बनवणाऱ्यांना अशा खिडक्या अडवण्याची सोय करावी लागली. विंडोज एक्सपीच्या 2004 सालच्या सुधारणेत ती इंटरनेट एक्सप्लोररलाही मिळाली.

एक दार बंद झाले, पण काही वर्षांनी दुसरे उघडले. 2015 साली क्रोम ब्राउझरने संकेतस्थळांना 'नोटिफिकेशन' पाठवण्याची मुभा दिली. हेतू वाईट नव्हता. टपाल आले, बैठकीची वेळ झाली, हे कळावे एवढाच होता. नियमही रास्त होता : आधी 'अलाऊ' की 'ब्लॉक' असे विचारायचे, आणि 'अलाऊ' म्हटले तरच निरोप पाठवायचे. मात्र एकदा होकार मिळाला की ते पान उघडे नसतानाही निरोप येत राहतात.

लबाडी आहे ती या होकारात. पानावर लिहिलेले असते, 'तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा', किंवा 'चित्रपट पाहण्यासाठी अलाऊ दाबा'. माणूस दाबतो. कारखान्याच्या गेटवर आम्ही हेच वेगळ्या रूपात पाहिले आहे. हजेरीची सही म्हणून कोऱ्या कागदावर सही घ्यायची, आणि पुढे त्यावर राजीनामा लिहायचा!

आम्ही विचारले, "मामा, या लोकांना परवानगी कुणी दिली?"

"मी कशाला देतोय, दादा?"

मग आम्ही त्यांच्यासमोर यादी उघडली. सतरा संकेतस्थळांना होकार दिलेला होता.

ही यादी उघडण्याची रीत अशी. क्रोममध्ये वर उजव्या हाताला तीन ठिपके असतात. ते दाबून 'सेटिंग्ज'मध्ये जावे. तेथून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', आणि त्यात 'नोटिफिकेशन्स'. परवानगी मिळालेल्यांची नावे तेथे दिसतात. ज्या नावाची ओळख पटत नाही, त्याच्यापुढचे ठिपके दाबून 'ब्लॉक' करावे. 'रिमूव्ह' केल्यास नाव यादीतून जाते, पण ते स्थळ पुन्हा विचारू शकते. 'ब्लॉक' केल्यास ती वाट बंद होते. कुणाचेच निरोप नको असतील, तर कोणत्याही स्थळाला निरोप पाठवू न देण्याचा पर्यायही त्याच पानावर आहे. इतर ब्राउझरांच्या सेटिंग्जमध्येही 'नोटिफिकेशन्स' याच नावाने शोधावे. कोपऱ्यातल्या निरोपाची फुली दाबून तेवढा एक निरोप जातो. परवानगी कायम राहते.

एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर दोन ठिकाणे पाहावीत : ब्राउझरला जोडलेली 'एक्स्टेन्शन्स', आणि विंडोजच्या 'ॲप्स'मधील यादी. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर जाहिराती दाखवणारे दुसरे सॉफ्टवेअर चोरपावलांनी येते. न मागता आलेले काढून टाकावे, आणि विंडोजमध्येच असलेल्या 'विंडोज सिक्युरिटी'ने पूर्ण तपासणी करावी.

लाल पडदा आणि भोंगा आला, तर घाबरू नये. ते एक साधे पान असते. 'एस्केप' कळ दाबून धरावी, नंतर 'ऑल्ट' आणि 'एफ 4' एकत्र दाबावे. तेही चालले नाही तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू नयेत. खूणगाठ एकच बांधावी : मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितले आहे की, त्यांच्या धोक्याच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो.

आणि पैसे गेलेच, तर त्याच क्षणी संगणकाचे इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि 1930 या सरकारी नंबरावर तक्रार नोंदवावी. तक्रार लवकर पोचली, तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची आशा असते. मामांचे आठ दिवस गेले ते लाजेत. त्या आठ दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. तक्रार आम्ही बरोबर जाऊन नोंदवली, पण ते चाळीस हजार परत आलेले नाहीत.

म्हणून आमची आपल्याला विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या संगणकावरची ती यादी एकदा उघडा. शेजारी कुणी वडीलधारे एकटे राहत असतील, तर त्यांचीही उघडून द्या, आणि त्यांना फसवणुकीचा अनुभव आला असेल तर हसू नका. एकटा कामगार भीतीने आणि लाजेने गप्प बसतो, यावरच लुबाडणाऱ्याचा धंदा चालतो, हे आम्ही युनियनच्या कामात पदोपदी पाहिले आहे. फसवून घेतलेली परवानगी परत घेता येते. ती परत घेण्याचा हक्क आपला आहे, आणि त्याला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही.

मामा आता कोणताही प्रश्न पडद्यावर आला की आधी नातीला मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मगच हो किंवा नाही म्हणतात. आपणही तसेच करावे, एवढे सांगून आपली रजा घेतो.